आज किती?

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. फोनवर तिचा पुतण्या होता. तो रडत नव्हता, पण प्रत्येक शब्दाआधी थांबत होता, आणि त्या थांबण्यावरूनच मला कळलं... मी "बरं" म्हणाले, "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. मग हात धुतले, साडी बदलली आणि निघाले. रायपूरच्या बुढापाऱ्यात आमच्या दोघींच्या घरांमध्ये अंतर ते काय, एक सायकलचं दुकान, एक पिठाची गिरणी आणि एक वळण. तेवढ्या वाटेत तिघांनी "क्या दीदी, सब ठीक?" म्हणून विचारलं आणि तिघांनाही मी "ठीक" असं सांगितलं. संध्याकाळी पुण्याहून माझ्या मुलीचा, मंजूचा फोन आला. ती हुंदके देत होती. "मम्मी, तुम ठीक हो ना?" तिलाही तेच सांगितलं. आज त्याला पाच आठवडे झाले. उभ्या जन्मात कुमुदचं ज्या एका शब्दाशी भांडण होतं तो हाच शब्द, आणि ती गेली त्या दिवशी मी तो चारदा वापरला. पेशंट 'ठीक' म्हणाला की आपण नीट विचारलं नाही असं समजायचं, असं ती तिच्या हाताखालच्या डॉक्टरांना बजावत असे.

डॉ. कुमुद हरकरे हे नाव रायपुरातल्या पुष्कळ घरांत माहीत आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या आजारांची ती डॉक्टर, आणि त्यातही डोकेदुखीची. माझ्यासाठी मात्र ती पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी पोरगी. तिचे पूर्वज भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. आम्ही रेल्वेवाले, वडिलांच्या बदलीपायी आलेले. तिच्या घरात आई मराठीत हाक मारायची आणि मुलं हिंदीत ओ द्यायची. एकटी कुमुद तेवढी हट्टानं मराठी बोले, आणि तीही इकडची, नागपुरी वळणाची. पुढं दिल्लीत शिकून मोठी डॉक्टर होऊन आली तरी 'मले' आणि 'तुले' काही तिच्या तोंडून गेले नाहीत. शाळेत महिन्यातून दोन-तीनदा तिचं डोकं उठायचं. आधी डावा डोळा बारीक व्हायचा, मग ती फळ्याकडे बघणं सोडून द्यायची, मग हळूच म्हणायची, "नलू, सुरू झालं." एकदा गणिताच्या बाईंना वाटलं की ही नाटकं करते. त्यांनी तिला मैदानात उन्हात उभं केलं. रायपूरचं एप्रिलचं ऊन... ती उभ्या उभ्या ओकली. मी वर्गाच्या खिडकीतून सगळं बघत होते. तिचं डोकं दुखतंय हे त्या शाळेत फक्त मला माहीत होतं, आणि मी बाईंना काही बोलले नाही. भीती वाटली, दुसरं काय.

घरी तिच्यावर अर्धशिशीचा उपाय चाले. सूर्य उगवायच्या आत तिला गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवायचे आणि दुधात बुडवलेली जिलबी खायला द्यायचे. आमच्याकडे अजूनही पुष्कळ घरांत देतात. डोकं काही थांबायचं नाही, पण जिलबी बंद होऊ नये म्हणून कुमुद "थांबलं" असं सांगायची. ही गोष्ट ती पुढं सगळ्यांना सांगे आणि स्वतःच पोट धरून हसे. "माहा पहिला खोटा निकाल जिलबीपायी गेला," म्हणायची. हसून झालं की मात्र लगेच गंभीर व्हायची. घरातल्या लोकांना बरं वाटावं म्हणून मुलं किती सहज खोटं सांगतात, हे ती त्या गच्चीवरच शिकली होती.

छत्तीसगढ राज्य नवीन झालं त्याच सुमारास ती परत आली. त्या वर्षांतलं रायपूर आठवलं की मला अजून धूळच आठवते. एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं होतं, भोपाळहून आलेल्या साहेबांना भाड्याची घरं मिळत नव्हती, आणि लाल दिव्याच्या गाड्या बूढातालाबाला वळसा घालून निघाल्या की पानठेल्यावरचे लोक पान तोंडात तसंच धरून बघत राहायचे. कुमुदला सरकारी रुग्णालयात एक खोली मिळाली, ती मुळात सामानाची. टेबल, तीन खुर्च्या आणि पश्चिमेची खिडकी. तिनं पहिलं काम काय केलं, तर माझ्याकडून जाड हिरवा पडदा शिवून घेतला. तिच्याकडे येणाऱ्या मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून. मुलंही तऱ्हेतऱ्हेची यायची. बदली होऊन आलेल्या साहेबांची, वर्षाच्या मध्येच शाळा बदललेली. पुरानी बस्तीतली, दुकानदारांची. अभनपूरकडची, शेतावरून थेट आलेली आणि "मूड पिराथे", डोकं दुखतं, म्हणून कपाळ दाखवणारी. बहुतेकांना आधी चष्मा लावून झालेला असे, काहींना बैगाचा, गावच्या मांत्रिकाचा, दोरा बांधून झालेला असे. आई बोलायला लागली की कुमुद हात वर करून तिला थांबवायची आणि मुलाकडे बघून विचारायची, "आज कितना? ज़ीरो मतलब कुछ नहीं, दस मतलब इससे ज़्यादा हो ही नहीं सकता." मुलं बोटं दाखवायची. सहा, सात. एखादी लहानगी दोन्ही पंजे उघडून धरायची. मोठ्या माणसानं विचारलं, आणि विचारून लिहूनही घेतलं, याचंच कित्येकांना नवल वाटायचं.

औषध द्यायची वेळ आली की ती अस्वस्थ व्हायची. मोठ्यांसाठीची गोळी अर्धी करून मुलांना द्यायची अशी रीत होती, आणि ती मुलांना खरंच लागू पडते का याची तिला खात्री वाटत नव्हती. एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "मी गोळी देऊन राहिली नलू, पण मले माहीत नाही. आणि चेहरा असा करते की माहीत आहे." त्यातून तो अभ्यास निघाला. तिनं मला तो दहा वेळा समजावला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरला. निम्म्या मुलांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती हे मुलाला माहीत नाही, आईला नाही, खुद्द कुमुदलाही नाही. यादी औषधं सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या कपाटात कुलूपबंद. फारच दुखलं तर घ्यायची वेगळी गोळी सगळ्यांनाच होती. आणि वेळेवर नाश्ता, भरपूर पाणी, पुरेशी झोप, उन्हात डोक्याला कपडा, हेही सगळ्यांनाच. बाकी सारा खेळ मुलांनी रोज भरायच्या कागदावर होता. तो कागद मी काढला. मी शाळेत भूगोल शिकवायचे. कुमुद म्हणाली, "तू पोरींकडून भारताचे कोरे नकाशे भरून घेते न? मले डोक्याचा कोरा नकाशा काढून दे." मी समोरून, मागून आणि बाजूनं, अशी तीन डोकी काढली. जिथं दुखतं तिथं मुलानं रंगवायचं. खाली महिन्याचे चौकोन, प्रत्येकात शून्य ते दहापैकी एक आकडा. नियम एकच. ज्याचं डोकं त्यानंच भरायचं, आणि त्याच दिवशी भरायचं. विसरलं तर जागा कोरी सोडायची. "रिकामा चौकोन चालते मले," ती प्रत्येक आईला हिंदीत, छत्तीसगढीत आणि मला मराठीत सांगायची, "खोटा नाही चालत."

तेव्हा मंजू आठवीत होती आणि तिचंही डोकं उठायला लागलं होतं. शाळेतून आली की दप्तर दारातच टाकायची, माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा डोक्याला करकचून बांधायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. मी काय म्हणायचे? "अभ्यासाचा ताण आहे, जरा पड, होईल ठीक." कुमुदच्या शेजारी सहा वर्षं बसलेली मी, आणि पोटच्या पोरीला हे सांगत होते. मग माझ्या मनानं घेतलं की मंजूला कुमुदच्या अभ्यासात घालायचं. कुमुद तयार नव्हती. "तुही पोट्टी नको. मी तिले दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते. तू माही मैत्रीण आहे, तुले उगाच माही गोळी लागू पडली असंच वाटन." मी फुरंगटले. पंधरा दिवस तिच्याकडे पाऊल ठेवलं नाही, तिनं पाठवलेला आंब्याचा रस परत पाठवला. शेवटी तिनं मंजूला एकटीला पडद्याआड बसवून अर्धा तास सगळं समजावलं. मुलांनी स्वतः सही करायचा वेगळा कागद होता, त्यावर मंजूनं सही केली आणि बाहेर येऊन मोठ्या रुबाबात मला म्हणाली, "मम्मी, अब तुम बीच में मत बोलना."

मी बोलले नाही. मी त्याहून वाईट केलं. तिसरा महिना मंजूला फार जड गेला. सहामाही परीक्षा होती. तिच्या कागदावर सात, आठ, आठ, मध्ये काही रिकामे चौकोन, मग नऊ, आणि तिन्ही डोकी लाल पेन्सिलीनं गिचमिडलेली. त्याच आठवड्यात कुमुदनं मला सांगितलं होतं की वरचे लोक विचारून राहिले, अभ्यासाचा काही फायदा दिसतोय की नाही. नव्या राजधानीत खोल्यांची चणचण. फायदा दिसला नाही तर तिची खोली कोणत्या तरी कार्यालयाला जाणार होती. तिच्या चेहऱ्यावरचा शीण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तपासणीला जायच्या दिवशी सकाळी चहा पिताना मी मंजूचा कागद बघितला आणि कप खाली ठेवला. कोऱ्या कागदांचा गठ्ठा घरातच होता, नकाशे मीच तर काढले होते. एक घेतला. आठाच्या जागी तीन, सातच्या जागी दोन, रिकाम्या चौकोनांत शून्य. त्या दिवसाच्या चौकोनात दोन. डोक्याचा एक कोपरा हलकासा रंगवला. पाच मिनिटांचं काम. मंजूचा खरा कागद घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला. मनाला एकदाही टोचलं नाही, हे आज लिहितानाही खरं वाटत नाही.

कुमुदच्या खोलीत आमच्या आधी अभनपूरच्या खेमिनबाई आपल्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. कुमुदनं मंजूचा कागद हातात घेतला आणि बघतच राहिली. आकड्यांकडे नाही, नकाशाकडे. मग म्हणाली, "मंजू, आज कितना?" मंजूनं आठ बोटं दाखवली. तिचा डावा डोळा बारीक झाला होता, अगदी कुमुदचा व्हायचा तसा. कुमुदनं कागद तिच्यासमोर धरला. मंजूनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, ये मैंने नहीं लिखा." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, खेमिनबाई रडवेल्या होऊन छत्तीसगढीत म्हणाल्या, "मेडम अतेक मया करथे, ओला दुख लागही कहिके महूँ कम लिख देंव." मॅडम एवढी माया करतात, त्यांना वाईट वाटेल म्हणून मीसुद्धा कमी लिहिलं... बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना विचारलं तर आणखी कितीतरी जणींनी हेच केलेलं. मुलं भरत, आया तपासणीच्या आधी सुधारून देत. कोणाच्याही मनात पाप नव्हतं. पाहुण्याघरी जेवताना पोट भरलं म्हणतात, तसं सगळ्याजणी मिळून कुमुदला म्हणत होत्या.

खेमिनबाईंवर ती चिडली नाही. त्यांना तिनं पाणी दिलं, मुलीला जवळ बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मला मात्र व्हरांड्यात नेलं. "तिले माहीत नव्हतं," ती म्हणाली, "तुले माहीत होतं. लहान पोट्टं दुखतानी रेषेच्या आत रंगवत नाही नलू. एकही रेष बाहेर नाही तुही." मी काहीतरी पुटपुटले, तुझी खोली, वरचे लोक... तिनं मला बोलूच दिलं नाही. "तू माही मैत्रीण झाली. मग तिची आई कोण होईन?" आणि मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "मी उन्हात उभी होती तेव्हा तू खिडकीतून बघून राहिली होती. तेव्हाही तुले माहीत होतं." इतक्या वर्षांत तिनं ती गोष्ट एकदाही काढली नव्हती. मला वाटायचं, तिनं मला त्या खिडकीत पाहिलंच नाही. मी मंजूचा हात धरून घरी आले. रिक्षात मंजू माझ्यापासून दूर, पार कडेला बसली होती. घरी येऊन मी तिचा खरा कागद तिला परत दिला तर ती म्हणाली, "तुमको लगता है मैं झूठ बोलती हूँ."

चार महिने कुमुद आणि मी बोललो नाही. कुमुदनं तोवरचे सगळे कागद बाजूला ठेवले, हे भरवशाचे नाहीत असं स्वतःच वर लिहून कळवलं, आणि काम पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलं. खोली गेली ती गेलीच. ती व्हरांड्याच्या टोकाला लाकडी आडोसा करून बसू लागली. हिरवा पडदा तेवढा तिनं सोबत नेला. मंजू तिच्याकडे जात होती, पण माझ्याबरोबर नाही, शेजारच्या वहिनींबरोबर. मी खिडकीत उभी राहून त्यांना जाताना बघायचे. पुन्हा खिडकीच... आणि एका रविवारी कुमुद स्वतःच दारात आली, हातात एक वही. आत येऊन, जणू काल संध्याकाळीच गेली होती तशी, म्हणाली, "चहा टाक. ही तुही." तिनं नवी पद्धत काढली होती. मुलानं आपला कागद स्वतः पाकिटात घालायचा आणि स्वतः चिकटवायचा. आणि आयांना काही लिहायची एवढीच हौस असेल तर त्यांना त्यांची वेगळी वही, तिच्यातही पानापानावर माझेच नकाशे आणि चौकोन, फक्त त्यात त्यांनी स्वतःचं डोकं भरायचं. मला ही थट्टा वाटली. पण महिन्याभरात बायकांच्या वह्या भरून येऊ लागल्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी उभ्या रेघा मारल्या होत्या. खेमिनबाईंची वही रेघांनीच भरली होती. पंधरा वर्षांपासून त्यांचंही डोकं उठत होतं, आणि त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं. कुमुदनं मग गुरुवार आयांसाठी ठेवला. माझी वही मात्र कोरीच राहिली. तिच्या पहिल्या पानावर कुमुदच्या अक्षरात लिहिलं होतं: नलिनी, मंजूची आई. स्वतःचं भरायचं. तिनं कधी विचारलं की मी म्हणायचे, मला काय झालंय, मी ठीक आहे. मंजूचे बाबा अचानक गेले तेव्हाही मी हेच म्हणाले. कुमुद माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची. वही माझ्या कपाटात साड्यांखाली गेली.

कुलूपबंद यादी उघडली त्या दुपारी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. दोन्ही गटांतल्या पुष्कळ मुलांना बरं वाटलं होतं, आणि दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. खरी गोळी आणि नुसती गोळी, सारखीच. मला रडू आलं. "मग इतकी वर्षं वाया गेली?" कुमुद कागदावरून नजर न काढता म्हणाली, "वाया काहून? आता माहीत झालं न." मग तिनं मंजूचं नाव शोधलं. मंजूला औषध नसलेली गोळी मिळाली होती, आणि मंजूचं डोकं तर कितीतरी कमी झालं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पोरीला काही झालंच नव्हतं?" कुमुद ताडकन उठून उभी राहिली. "गोळीत औषध नव्हतं. डोकं खरंच दुखत होतं. हे पुन्हा बोलशीन तर पाह्य रे बाप्पा, मी तुले आत येऊ देणार नाही." मग शांत होऊन पडद्यापाशी गेली. मी विचारलं, मग बरं कशानं वाटलं? "झोपेनं असन, नाश्त्यानं असन, वय वाढलं म्हणून असन. रोज कोणी विचारलं म्हणूनही असन. मले माहीत नाही. माहीत नाही असंच लिहीन." तसंच लिहिलं. मोठ्या पदावरच्या एकानं सुचवलं होतं की आकडे जरा वेगळ्या तऱ्हेनं मांडले तर गोळीच्या बाजूनं काही दाखवता येईल. हे तिनं मला सांगितलं आणि खो खो हसली. "त्याले म्हटलं, माही एक मैत्रीण आहे भूगोलाची, तिले पाठवू का?" लहान अभ्यास होता, त्यानं जग काही बदललं नाही. पण तिच्या आडोशापुढची रांग वाढत गेली, आणि प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला जात राहिला. मंजू शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली. तरी कुमुद तिला फोनवर 'कशी आहेस' असं कधी विचारायची नाही. "आज कितना?" एवढंच. मंजू आकडा सांगायची आणि मग दोघी अर्धा अर्धा तास गप्पा मारायच्या.

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. तपासणीचा कागद तिनं स्वतःच वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "सहा महिने नाही होत." झाले नाहीतच. निवृत्तीनंतर हिरवा पडदा घरी आला होता, तो तिच्या मागच्या खोलीत लावला होता. मी रोज दुपारी चारला जायचे. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी दुखण्याचा आकडा लिहायला एक कागद दिला होता. कुमुदचा हात थरथरायचा म्हणून तो मी भरायचे. ती म्हणायची, "सात." मी लिहायचे. लगेच म्हणायची, "दाखव." चष्मा लावून आकडा बघायची. "तुह्या हातावर माहा भरोसा नाही." आणि हसायची, हसल्यानं पोटात कळ यायची, मग म्हणायची, "आता आठ कर." मी सात खोडून आठ करायचे. माझा हात खरंच पाच लिहायला धावायचा, हे तिला न सांगता कळत होतं. जायच्या दोन दिवस आधी ती बरीच शुद्धीत होती. मी 'नऊ' लिहिलं, तिला दाखवलं. तिनं कागद बाजूला सारला आणि माझा हात धरून विचारलं, "तुहं किती?" असं तिनं मला इतक्या उघडपणे कधी विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं पन्नास वर्षांचं होतं. आणि मी म्हणाले, "माहं काय... मी ठीक आहे." तिनं पडद्याकडे मान वळवली. "अजून खोटंच लिहून राहिली," एवढं म्हणाली. माझ्याशी ती त्यानंतर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी चारला गेले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. मी दोनदा विचारलं, "कुमुद, आज किती?" उत्तर आलं नाही. पेन हातात होतं. मी तो चौकोन रिकामा सोडला. तिच्या आयुष्यात मी तिचं ऐकलं असं म्हणता येईल ते एवढंच. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी...

हे लिहायला बसायचं ठरलं तेव्हा मी कपाटातल्या साड्या उपसून ती वही बाहेर काढली. डांबरगोळ्यांचा वास लागलाय तिला. पानं कडेनं पिवळी पडलीत, नकाशे माझेच, तीन-तीन डोकी, सगळी कोरी. कुमुद गेल्यापासून मंजू रोज संध्याकाळी सातला फोन करते, आणि आता मावशीचा प्रश्न मला विचारते. "आज कितना?" या पाच आठवड्यांत मी तिला दोन सांगितलं, एक सांगितलं, काल तर शून्य सांगितलं. तीही कुमुदसारखीच ऐकून घेते आणि मग कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलते. आज फोन वाजला तेव्हा वही समोर उघडी होती. मंजूनं विचारलं. मी म्हणाले, "नऊ." इतर वेळी मी घाईघाईनं म्हणाले असते, अगं काही नाही, गंमत केली. आज नाही म्हणाले. मग मंजू, जी मला लहानपणापासून हिंदीतच उत्तरं देत आली, तिनं मराठीत विचारलं, "लिहिलं का, आई?" लिहिते म्हणाले. फोन कानाला तसाच ठेवून चौकोनात नऊ लिहिला. मग लाल पेन्सिल घेतली आणि डोकं रंगवायला लागले. रंग रेषेबाहेर गेला, पार कागदाच्या कडेपर्यंत गेला, आणि मी तो जाऊ दिला.